नृत्य, चित्रपट आणि जबाब देणारें यंत्र

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त माणदेशांत भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या सभेंत वक्त्यानें मागील वर्षांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. परंतु मला जो विषय नेमून देण्यांत आला आहे, त्याचें तोंड पुढील वर्षांकडे आहे. नृत्य, चित्रपट आणि नर्तकाची हालचाल ओळखून तिला उत्तर देणारें यंत्र, ह्या तिहींचा मेळ घालून एखाद्या स्वतंत्र कलावंतास आपली कला व आपला संसार हीं दोन्ही चालवितां येतील काय, असा हा प्रश्न आहे. तो विचारणारे तरुण असतात, आणि तो ऐकून ज्यांच्या पोटांत धस्स होतें, ते त्यांचे मातापिता असतात. दोघांसही उपयोगी पडेल असें कांहीं सांगावें, एवढाच माझा हेतु आहे.

माझें म्हणणें प्रथमच थोडक्यांत मांडतों. नृत्य हा सवाल-जबाब आहे. पाऊल सवाल टाकतें, वाद्य जबाब देतें. वाद्य सवाल टाकतें, पाऊल जबाब देतें. आणि समोर बसलेला प्रेक्षक आपल्या दादेनें दोघांसही पुढें ढकलतो. चित्रपटानें नृत्य जतन केलें, दूरवर पोंचविलें, पण हा जबाब त्यानें बंद केला. नवें यंत्र तो पुनः उघडूं पाहत आहे. मात्र सवाल कोणी टाकावयाचा, हें नर्तकानेंच ठरविलें पाहिजे. आणि त्याचें मोल कोणाच्या पदरांत पडावयाचें, हेंही त्यानें आधींच ठरवून घेतलें पाहिजे.

ह्याचें उदाहरण शोधावयास आपणांस माणदेशाबाहेर जावयास नको. आपल्या धनगर बांधवांचें गजीनृत्य आपण सर्वांनीं यात्रेजत्रेंत पाहिलें आहे. पांढरीं वस्त्रें, डोक्यास फेटे, हातांत रंगीत रुमाल, आणि ढोलाच्या ठेक्यावर रिंगण धरून नाचणारे गडी. हें नृत्य चालू असतांना ढोल वाजविणाऱ्याचे डोळे कोठें असतात, तें लक्ष देऊन पाहावें. ते ढोलावर नसतात. ते नाचणाऱ्यांच्या पावलांवर असतात. रिंगण तापलें, कीं ढोल चढतो. एखादा वृद्ध गडी दमला, कीं ठेका किंचित् सैल होतो. कोणी आज्ञा देत नाहीं, कोणी लिहून ठेवीत नाहीं. आज मोठमोठ्या शहरांतील कलावंत संगणकाकडून जें करवून घेण्यासाठीं खटपट करीत आहेत, तें हा ढोलकरी पिढ्यान् पिढ्या सहज करीत आला आहे.

आतां पडद्याकडे वळूं. पडद्यावर आकृति नाचविण्याची कला आम्हांकडे साहेबाच्या चित्रपटाबरोबर आली, असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. ल्युमिएर बंधूंचे हालते देखावे मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं दाखविले गेले. त्याच्या चार वर्षें आधीं, म्हणजे १८९२ सालीं, कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं 'शांबरिक खरोलिका' ह्या नांवानें आपला खेळ सुरू केला होता. कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडावयाचीं, एकाच पात्राचे निरनिराळे हावभाव निरनिराळ्या कांचांवर काढून त्या झरझर बदलावयाच्या, आणि त्यांबरोबर निवेदन व गाणें म्हणावयाचें, असा तो प्रकार होता. पडद्यावरील बाहुली नाचे, पण तिला नाचविणारा हात जिवंत असे. गाणें लांबलें तर कांच थांबे. प्रेक्षक हंसले तर हात थबके. पडदा आणि माणूस ह्यांचा सवाल-जबाब तेथें शाबूत होता.

पुढें दादासाहेब फाळके आले. त्यांच्या १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुर' ह्या चित्रपटांत कमलाबाईंनीं (पुढें गोखले ह्या नांवानें त्या प्रसिद्ध झाल्या) मोहिनीची भूमिका केली, आणि त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत ह्यांनीं पार्वतीची. मोहिनी नाचते आणि भस्मासुर तिचें अनुकरण करतां करतां स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो, ही कथा आपणांस ठाऊक आहे. चित्रपट मुका होता. पडद्यावरचें पाऊल आवाज करीत नव्हतें. जी मोहिनी आधीं एका रात्रीं एकाच गांवीं नाचली असती, ती आतां एकाच वेळीं अनेक गांवीं नाचूं शकत होती, हा लाभ अलौकिक होता. पण त्या मोहिनीस समोरचा प्रेक्षक दिसत नव्हता, हा तोटाही त्याच दिवशीं जन्मास आला.

बोलपट आल्यावर हा लाभ व हा तोटा दोन्ही वाढले. १९४७ सालचा 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट बाबूराव पेंटर ह्यांनीं दिग्दर्शित केला. त्याची लेखणी ग. दि. माडगूळकरांची होती. १९५९ सालच्या अनंत माने ह्यांच्या 'सांगत्ये ऐका'ची पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची आणि गीतें ग. दि. माडगूळकरांचीं. हे दोघे बंधु आटपाडी तालुक्यांतील माडगुळें गांवचे, म्हणजे आपल्याच माणदेशचे. 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहांत १३१ आठवडे चालला. १३१ आठवडे तीच लावणी, तीच गिरकी, तीच नजर. एका केसाचाही फरक नाहीं! राहुटींतल्या फडावर मात्र एकच लावणी दोन रात्रीं सारखी कधींच होत नसे. चित्रपटानें तमाशास प्रतिष्ठितांच्या दारापर्यंत नेलें हें खरें. पण तेथें पोंचलेली नर्तकी दाद ऐकूं शकत नव्हती, हेंही खरें.

हा तोटा भरून काढण्याचा ध्यास ज्या भारतीय नर्तकानें आयुष्यभर घेतला, त्यांचें नांव उदय शंकर. ते मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून ते लंडनला गेले आणि तेथें आना पाव्लोवा ह्या विख्यात नर्तकीच्या सहवासांत नृत्याकडे वळले. अलमोड्याच्या आपल्या केंद्रांत त्यांनीं नर्तकांच्या सावल्या मोठ्या पडद्यावर पाडून रामलीला दाखविली. १९४८ सालीं त्यांचा 'कल्पना' हा सबंध नृत्याचा चित्रपट प्रसिद्ध झाला. धंद्याच्या दृष्टीनें तो पडला. पण त्याची जुनी फीत दुरुस्त करून २०१२ सालीं कान येथील महोत्सवांत तो पुनः दाखविण्यांत आला, आणि चौसष्ट वर्षांमागील पावलें जगानें नव्यानें पाहिलीं. त्यांच्याच अलमोड्याच्या शाळेंतून बाहेर पडलेले एक विद्यार्थी पुण्याच्या प्रभात कंपनींत नोकरीस लागले. ते म्हणजे गुरु दत्त. नृत्यांत शिकलेली लय त्यांनीं पुढें कॅमेऱ्याच्या चालींत उतरविली.

उदय शंकर तेवढ्यावर थांबले नाहींत. १९७० सालीं, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनीं कलकत्त्यास 'शंकरस्कोप' नांवाचा प्रयोग केला. त्यांत रंगमंच व चित्रपट एकत्र आणले होते. पडद्यावरचें पात्र चालत चालत प्रत्यक्ष रंगमंचावर उतरे आणि रंगमंचावरचें पडद्यांत शिरे. त्यासाठीं नटानें क्षणाचाही चुकारपणा न करतां फितीच्या वेळेशीं आपलें पाऊल जुळवावें लागे. म्हणजे दोघे एकत्र आले खरे, पण मालक फीत होती. माणूस तिच्यासाठीं थांबे. ती माणसासाठीं थांबत नसे.

फितीची ही मालकी मोडण्याचा एक यत्न ह्याच सुमारास अमेरिकेंत झाला. १९६५ सालीं न्यूयॉर्क येथें मर्स कनिंगहॅम ह्या नर्तकानें आणि जॉन केज ह्या संगीतकारानें एक प्रयोग केला. रंगमंचावर प्रकाश ओळखणाऱ्या विजेच्या डोळ्या व उंच धातूच्या काठ्या बसविल्या होत्या. नर्तक त्यांच्या जवळून गेला, कीं ध्वनि बदलत असे, आणि मागील पडद्यावर चित्रफीत चालू असे. नर्तक संगीतावर नाचत नसून त्याच्या हालचालीनें संगीत हालत होतें. ती सामग्री धनवान् संस्थांनाच परवडणारी होती. पुढें २०१० सालीं 'किनेक्ट' नांवाचें एक खेळाचें उपकरण बाजारांत आलें. अदृश्य किरणांनीं तें समोरच्या माणसाचे सांधे ओळखी, आणि खेळासाठीं केलेल्या ह्या वस्तूवर देशोदेशींच्या नर्तकांनीं झडप घातली. २०१७ सालीं कारखानदारानें त्याचें उत्पादन बंद केलें. आज तेंच काम मोबाईलचा साधा कॅमेरा आणि संगणकाची आज्ञावली मिळून करूं शकतात. एका कारखान्याच्या एकाच वस्तूवर आपली सर्व कला उभारूं नये, हा धडा त्यांतून ज्यानें त्यानें घ्यावा.

हें यंत्र पाहतें तरी कसें? कॅमेऱ्यांतून आलेल्या प्रत्येक चित्रांत तें खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा अशीं ठिकाणें शोधतें. त्या ठिकाणांच्या बदलण्यावरून गति व दिशा काढतें. मग कलावंतानें जो नियम घालून दिला असेल, त्याप्रमाणें पडद्यावरचें चित्र, प्रकाश किंवा ध्वनि बदलतें. हात वर गेला, तर पडद्यावर पाऊस पडावा. पाऊल थांबलें, तर पाऊस थांबावा, असा नियम घालतां येतो. दुष्काळी माणदेशांतल्या मुलीस पडद्यावर कां होईना, पाऊस आपल्या हातानें आणतां येतो, ह्या कल्पनेंतच एका नृत्यनाट्याचें बीज आहे.

परंतु हें यंत्र जेथें चुकतें, तेथेंही आपण त्यास नीट ओळखलें पाहिजे. रिंगणांत एक गडी दुसऱ्याच्या आड येतो. यंत्राच्या दृष्टीनें तो नाहींसाच होतो, आणि पुढच्या क्षणीं एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यास जोडला जातो. धोतर, नऊवारी लुगडें, घोंगडी ह्यांत सांधे झांकले जातात, म्हणून तें अंदाज करतें आणि अंदाज फसतो. अदृश्य किरणांवर चालणारीं उपकरणें भर उन्हांत आंधळीं होतात, कारण सूर्यप्रकाशांतही तेच किरण असतात. म्हणजे उघड्या मैदानावर, सैल वस्त्रांत, गर्दीनें होणारें आमचें नृत्य हीच ह्या यंत्राची सर्वांत कठीण परीक्षा आहे.

मग उपाय कोणता? एक उपाय असा, कीं यंत्रासाठीं नर्तकानें बदलावें: घट्ट कपडे घालावे, एकट्यानें नाचावें, दिव्याखालीं एका ठराविक चौकोनांत उभें राहावें. पुष्कळ ठिकाणीं हेंच होतें. दुसरा उपाय असा, कीं नर्तकासाठीं यंत्रानें बदलावें. कॅमेरा समोर न ठेवतां उंच खांबावरून रिंगणाकडे खालीं रोखावा, म्हणजे कोणी कोणाआड येत नाहीं. सांधे मोजण्याचा हट्ट सोडून रिंगणाचा सबंध आकार, त्याची रुंदी व त्याचा वेग मोजावा. रुमालाचा रंग ओळखावा; तो तर आपण होऊनच हवेंत उंच धरलेला असतो. ढोलाचा आघात ध्वनिग्राहकानें टिपावा. खेळ दिवस मावळल्यावर करावा. हें सर्व करावयास ज्याला रिंगण ठाऊक आहे असा माणूस लागतो, आणि तो दूरच्या शहरांत नसून येथेंच आहे. परक्याच्या यंत्रविद्येहून आपल्या घरच्या कलेचें ज्ञान ह्या कामीं अधिक दुर्मिळ आहे, हें तरुणांनीं विसरूं नये.

आणखी एक कसोटी सांगतों. नर्तकाचें पाऊल पडणें आणि पडद्यानें उत्तर देणें ह्यांमध्यें जो वेळ जातो, त्यास विलंब म्हणूं. सेकंदाच्या दहाव्या भागाइतका विलंबही ठेक्यावर नाचणाऱ्यास टोंचतो. ढोलकरी तितका मागें पडला, तर रिंगणांतले गडी त्याच्याकडे वळून पाहतील. जें यंत्र मागें पडतें, त्याला पाऊल-पाऊल उत्तर देण्याचें काम देऊंच नये. सावकाश बदलणारा प्रकाश, पसरणारा रंग, असें संथ काम द्यावें. यंत्राच्या दोषाप्रमाणें त्यास काम नेमणें, ही कलावंताची मालकी होय.

आतां संसाराच्या प्रश्नाकडे येतों, कारण मातापित्यांच्या मनांत तोच आहे. स्वतंत्र कलावंत म्हणजे जो कोणाच्याच पदरीं नाहीं तो. त्याला मालक नाहीं, तसाच महिन्याचा पगारही नाहीं. सांगली जिल्ह्यांतील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, ह्यांची कथा ह्या बाबतींत डोळ्यांपुढें ठेवावी. ज्यांच्या लावण्यांवर फडचे फड उभे राहिले, ते १९४५ सालीं पुण्यास हलाखींत वारले. पुढें १९५० सालीं त्यांच्याच नांवाचा चित्रपट निघाला. कलावंताची कीर्ति जगली. ती ज्या देहानें मिळविली, त्याच्या वांट्यास तिचें फळ आलें नाहीं. हा दोष एका व्यक्तीचा नव्हे. कला हातोहात देऊन टाकावी आणि लेखी कांहीं ठेवूं नये, ह्या संवयीचा आहे.

आज कायदा कलावंताच्या बाजूस थोडा अधिक आला आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत १९९४ सालच्या दुरुस्तीनें प्रयोग करणाऱ्या कलावंताचे हक्क प्रथमच घालण्यांत आले, आणि २०१२ सालीं ते आणखी वाढविण्यांत आले. हा हक्क प्रयोगानंतर पन्नास वर्षें टिकतो. आपल्या प्रयोगाशीं आपलें नांव जोडलें जावें, आणि आपल्या कीर्तीस बाध येईल अशी त्याची मोडतोड होऊं नये, असें म्हणण्याचा अधिकारही त्याला आहे. मात्र एकदां चित्रपटांत आपलें नृत्य घेण्यास लेखी संमति दिली, म्हणजे निराळा करार नसेल तर निर्मात्याच्या उपयोगास हरकत घेतां येत नाहीं; धंद्यासाठीं होणाऱ्या उपयोगाचें मानधन मात्र मागतां येतें. तसेंच नृत्यरचनेचा हक्क सांगावयाचा, तर ती रचना लिहून किंवा अन्य रीतीनें निश्चित केलेली असावी लागते. यास्तव सही करण्यापूर्वीं कागद वाचणें, हा नृत्याच्या शिक्षणाचाच एक भाग समजावा.

नव्या यंत्रानें ह्यांत एक नवी भीति आणली आहे. पूर्वीं कॅमेरा नर्तकाचें चित्र नेई. आतां त्याच्या सांध्यांची गति आंकड्यांत उतरवून नेतां येते, आणि ती दुसऱ्याच एखाद्या काल्पनिक देहास चढवितां येते. चेहरा आपला नाहीं, नांव आपलें नाहीं, पण गिरकी आपली! म्हणून करारांत चित्र, ध्वनि आणि हालचालींचे आंकडे ह्या तिहींचा वेगवेगळा उल्लेख असावा. ते कोणत्या कामासाठीं, किती दिवस आणि किती मोबदल्यावर दिले, तें स्पष्ट लिहावें.

उपजीविकेचा मार्ग एकाच धाग्याचा नसावा, दोरासारखा पिळलेला असावा. नृत्य शिकविणें हा एक धागा. लग्नकार्यांत व समारंभांत छायाचित्रण करणें हा दुसरा. शाळांच्या स्नेहसंमेलनांत पडदा व प्रकाश बसवून देणें हा तिसरा. आणि ह्या तिहींच्या आधारावर वर्षांतून एक तरी स्वतःचा प्रयोग, हा चौथा. आरंभास भांडवल फार लागत नाहीं. एक मोबाईल, भाड्यानें आणलेला प्रोजेक्टर, घरांतली पांढरी चादर आणि चार विश्वासू सोबती एवढें पुरे. म्हसवडच्या माणदेशी तरंग ह्या सामुदायिक नभोवाणीनें खेड्यांतला आवाज खेड्याच्याच हातीं दिला, हें आपण पाहिलेंच आहे. जें आवाजाचें झालें, तें चित्राचेंही होऊं शकेल.

वडीलधाऱ्यांस एकच विनंती. नाचगाणें हें कुलीनांचें काम नव्हे, असें म्हणून मुलांस, विशेषतः मुलींस, परतवूं नये. आपल्याच धर्मसभेंत मुंबईच्या अंधेरी येथील ज्ञान आश्रमाचे फादर जॉर्ज प्रॉक्श हे जर्मन धर्मगुरु भारतीय रागांत गीतें बांधीत आणि नृत्यनाट्यें बसवीत असत. जी कला त्यांना वेदीच्या सेवेस योग्य वाटली, ती आपल्या लेकरांस कमीपणाची कशी ठरेल?

आणि तरुणांस एक काम सोंपवितों. तुमच्या गांवांत गजी नाचणारे, ढोल वाजविणारे, लावणी गाणारे जे वृद्ध आज हयात आहेत, त्यांचें नृत्य त्यांच्या अनुमतीनें टिपून ठेवा. प्रत्येक चित्राखालीं नाचणाऱ्याचें नांव, गांव, वय व तारीख लिहा, आणि त्याची एक प्रत त्याच्या घरीं द्या. यंत्रास रिंगण शिकवावयाचें असेल, तर आधीं आपण रिंगणांत उभे राहून शिकलें पाहिजे, आणि शिकविणारे फार दिवस वाट पाहणार नाहींत. ढोल त्यांच्या हातांत आहे तोंवर त्यांना विचारा, कीं पाऊल चढणार हें तुम्हांस आधीं कसें कळतें. त्याचें उत्तर ज्याला मिळेल, त्याच्या हातीं यंत्र शोभेल.